गाडी लाभली नाही, की पाहून घेतली नाही?

जुनी गाडी घेतली आणि महिन्याभरात ती तीनदा बंद पडली, की आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येते, "गाडी लाभली नाही." मग कोणी लिंबू-मिरची बांधायला सांगतो, कोणी नंबरातच खोट काढतो, तर कोणी गाडी दारात आली त्या वाराला बोल लावतो. बेकरीवाले, फर्निचरचे कारागीर, कापडाचे फेरीवाले अशा आपल्या छोट्या व्यावसायिकांत कोरी गाडी घेणारे थोडेच. बहुतेकांची पहिली गाडी दुसऱ्याच्या हातची असते आणि तिच्यात दोन-तीन वर्षांची शिल्लक अडकलेली असते. म्हणून हे 'नशीब' तयार कुठे होते ते पाहणे भाग आहे. आमच्या मते ते बहुतेक वेळा आधीच्या मालकाच्या कंजूषपणातून तयार झालेले असते आणि गाडीसोबत आपल्या दारात येते.

भिवंडीत बेकरी चालवणाऱ्या आमच्या परिचयातील एका गृहस्थांनी २०२२ च्या रमजानआधी दलालामार्फत २०१४ सालची मारुती ओम्नी सव्वा लाखाला घेतली. रंग चकचकीत, सीटकव्हर नवे, टेप नवा. रमजान एप्रिलमध्ये आला, ऊन कडक. पहिल्याच आठवड्यात पाव आणि खारी भरून पडघ्याकडे जाताना पाणी उकळले. रस्त्यावरच्या गॅरेजवाल्याने होज पाइप बदलून दिला. चार दिवसांनी पुन्हा तेच, आणि या वेळी हेडचे गॅस्केट उडाले. दुसऱ्या मेकॅनिकने हेड उतरवून नवे गॅस्केट टाकले, आठ हजार घेतले. ईद तोंडावर आली असताना तेही उडाले आणि गिऱ्हाइकांचा माल भाड्याच्या रिक्षाने पोचवावा लागला. वालिदा म्हणाल्या, "बेटा, ही गाडी तुला लाभायची नाही, काढून टाक." ते काढायला निघालेही होते. पण कल्याणच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने आधी रेडिएटर उतरवून दाखवला. निम्म्याहून अधिक नळ्या गंजाच्या गाळाने बुजल्या होत्या. कूलंटचे पैसे वाचवायला आधीच्या मालकाने वर्षानुवर्षे नळाचे पाणी भरले होते. गाडी तापतापून हेडचा पृष्ठभाग वाकला होता, आणि तो घासून सरळ न करता नवे गॅस्केट बसवल्यामुळे ते टिकणे शक्यच नव्हते. बंद पडण्याच्या वेळा तीन, कारण मात्र एकच. रेडिएटर बदलला, हेड घासून घेतले आणि गाडी सुरळीत झाली.

हाच प्रकार इतर भागांचाही आहे. ऑइल वेळेवर न बदललेले इंजिन विकताना आवाज करू नये म्हणून त्यात जाड ऑइल ओततात. ते महिनाभर निभावते. टायमिंग बेल्टला ठरलेले आयुष्य असते, तो बाहेरून दिसत नाही, आणि अनेक इंजिनांत तो तुटला की व्हॉल्व पिस्टनवर आपटून वाकतात. वर्षभर उभी राहिलेली गाडी तर फारच फसवी. मीटर कमी दिसतो म्हणून आपण खूष होतो. पण रबराचे पाइप आणि सील कडक झालेले असतात, बॅटरी मेलेली असते आणि रोज माल वाहायला लागल्यावर एकेक भाग साथ सोडू लागतो. त्यात खर्च वाचवायचा म्हणून आपण कुर्ल्याच्या सी.एस.टी. रोडवरून जुना सेल्फ किंवा जुना पंप आणून बसवतो. बाजार चांगला आहे, आमचा त्याला विरोध नाही, पण दुसऱ्याचा झिजलेला भाग किती दिवस चालेल याचा हिशेब आधी करावा.

गाडी पाहायला जाताना भरवशाचा मिस्त्री सोबत न्यावा आणि त्याची मजुरी हसत द्यावी; दलालाने आणलेला मिस्त्री नको. आपण पोचण्याआधी इंजिन गरम केलेले असेल तर शंका घ्यावी, म्हणून पहिला हात बॉनेटवर ठेवावा. थंड इंजिन आपल्यासमोर सुरू करायला लावावे. धुरात निळी झाक असेल तर ऑइल जळते आहे. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला तर पाणी आत जाते आहे. ऑइलच्या झाकणाखाली दुधाच्या सायीसारखा थर दिसला तर विशेष सावध राहावे. टायरवर चार आकडे असतात: ३२१८ म्हणजे २०१८ सालच्या ३२ व्या आठवड्यातला टायर. मीटर तीस हजार किलोमीटर सांगतो आणि ब्रेकच्या पेडलचे रबर गुळगुळीत झाले आहे, तर पेडलवर विश्वास ठेवावा. सीएनजीची गाडी असेल तर किटची नोंद आरसी बुकात आहे का, आणि टाकीची दर ३ वर्षांनी करावी लागणारी तपासणी झाली आहे का, ते विचारावे.

पुरात बुडालेली गाडी ही वेगळीच बला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला; २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि २०२१ च्या जुलैत चिपळूणला पाणी शिरले. अशी गाडी धुऊन, वाळवून दुसऱ्या जिल्ह्यात सहज खपवता येते. सीटबेल्ट पूर्ण ओढून पाहावा, शेवटच्या टोकाला मातीची रेघ सापडते. सीटचे नटबोल्ट गंजलेले असतील किंवा कार्पेटखाली कुबट वास येत असेल तर कितीही स्वस्त मिळो, सौदा सोडावा. अशा गाडीची वायरिंग वर्षानुवर्षे त्रास देते आणि दोष कोणालाच सापडत नाही.

खिशातला सगळा पैसा गाडीच्या किमतीत घालू नये. आमचा अंदाज असा, की एक लाखाचे बजेट असेल तर गाडी पाऊण लाखाचीच पाहावी. उरलेल्या पंचवीस हजारांत पहिल्याच आठवड्यात ऑइल, कूलंट, बेल्ट, ब्रेक आणि गरज असेल तर बॅटरी करून घ्यावी. बंद पडल्यावर हीच कामे दुप्पट महाग पडतात, आणि धंद्याचे बुडालेले दिवस वेगळेच.

दोष लपवून विकणारा दर वेळी परका असतो असेही नाही. आपलेच बांधव गाडी काढताना "एकदम ओके आहे भाई" म्हणून मोकळे होतात. फिक्हमध्ये 'खियार-ए-ऐब' आहे, म्हणजे सौद्याच्या वेळी लपलेला दोष नंतर उघड झाला तर माल परत करण्याचा खरेदीदाराचा हक्क. विकणाऱ्याने रेडिएटर खराब आहे असे सांगून पाच हजार कमी घ्यावेत. गिऱ्हाईकही पुन्हा त्याच्याकडेच येईल.

राहिली कागदपत्रे. खरेदीदाराने ३० दिवसांत गाडी आपल्या नावावर करण्यासाठी आरटीओत अर्ज करावा आणि विमा आपल्या नावावर होण्यासाठी १४ दिवसांत कंपनीला कळवावे. नो क्लेम बोनस जुन्या मालकाचा असतो, तो गाडीबरोबर येत नाही. आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेचे पत्र आणि ३५ नंबरचा फॉर्म हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. थकलेली ई-चलाने ऑनलाइन पाहता येतात. विकणाऱ्याची जोखीम तर मोठीच आहे. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयासमोर आलेल्या नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार खटल्यात गाडी हातोहात अनेकदा विकली गेली होती, पण नोंद पहिल्याच मालकाच्या नावावर राहिली होती. अपघाताची भरपाई त्याच्यावर आली. तेव्हा नुसती २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सही करून दलालाच्या हाती देऊ नये. आरटीओत कागद दाखल झाल्याची पावती मागून घ्यावी आणि तिची झेरॉक्स नाव बदलेपर्यंत जपून ठेवावी.