मागितलं कॉम्प्युटर, मिळालं सिव्हिल

जुलै २०२५ च्या अखेरीस अभियांत्रिकी प्रवेशाच्या पहिल्या फेरीची यादी लागली, त्या संध्याकाळी आम्ही मुळशी तालुक्यात, पौडजवळच्या एका घरी होतो. पाऊस तिकडचा, म्हणजे छत्री उघडून काही उपयोग नाही असा. थोरली लेक मोबाईल घेऊन उंबऱ्यावर बसली होती, कारण त्या घरात रेंज तेवढ्याच जागेत येते. अब्बा नुकतेच ड्युटीवरून आले होते. हिंजवडीच्या आयटी पार्कात नोकरदारांना ने-आण करणारी बस ते चालवतात.

"सिव्हिल," लेक म्हणाली आणि तिनं फोन पालथा ठेवला.

दादींनी लगेच दोन्ही हात वर केले. "शुक्र है अल्लाह का! सिव्हिलमध्ये लागली. औंधला ना?" त्यांच्या लेखी सिव्हिल म्हणजे सिव्हिल हॉस्पिटल. एरवी या बोलण्यावर घर हसलं असतं. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

अम्मीचा सवाल सरळ होता. "पोरीनं उन्हातान्हात डोक्याला पिवळी टोपी घालून साइटवर उभं राहायचं का?" अब्बा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "इतकी वर्षं लोकांच्या मुलांना त्या काचेच्या इमारतींपर्यंत सोडतोय. वाटलं होतं, एक दिवस आपलीही तिथं उतरेल."

यावर आम्ही काय बोलणार? चहा झाल्यावर एवढंच विचारलं, की भरलेल्या ऑप्शन फॉर्मची प्रिंट आहे का. प्लॅस्टिकच्या पिशवीतून ती निघाली. मिळालेलं कॉलेज आणि त्यातली सिव्हिलची शाखा यादीत सतराव्या क्रमांकावर होती. आई म्हणत होती, "न मागितलेलं आमच्या गळ्यात घातलं." कागद सांगत होता, मागितलेलंच मिळालं.

ही गोष्ट आपल्या घरांत नीट पोचलेली नाही. सीईटी सेलच्या केंद्रीभूत प्रवेशात, म्हणजे कॅपमध्ये, तुम्ही यादीत न लिहिलेली जागा तुम्हाला कधीच मिळत नाही. कॉलेज आणि शाखा मिळून एक पर्याय होतो, आणि असे तीनशेपर्यंत पर्याय भरता येतात. संगणक वरून खाली वाचत येतो आणि तुमच्या पर्सेंटाइलला जिथं पहिली जागा मोकळी सापडते तिथं थांबतो. सतरावा कुणी लिहिला, हे विचारल्यावर लेक म्हणाली, "नेट कॅफेवाल्या दादानं. म्हणाला, भरपूर टाकून ठेव, सीट हातची जाणार नाही." त्याचं अगदीच चुकलं असंही नाही. पण ती यादी लेकीनं पुन्हा वाचली नव्हती आणि आईबापांनी तर पाहिलीच नव्हती. लग्नाच्या दावतीच्या याद्या आपण तीन-तीनदा तपासतो!

इंग्लंडमध्ये याच्या उलट चालतं. तिथं विद्यापीठासाठी साधारण पाचच पसंत्या देता येतात, आणि ऑगस्टमध्ये निकाल कमी पडला तर विद्यापीठ स्वतःहून भलताच अभ्यासक्रम पुढे करू शकतं. घ्यायचा की नाही ते मुलानं ठरवायचं. आपल्याकडे ही निवड फॉर्म भरतानाच करून ठेवावी लागते.

त्या घरात घाई दोन बाजूंनी होती. चुलते म्हणत होते, सोडून द्या, पुढच्या वर्षी पुन्हा सीईटी. आणि एका एजंटाचा फोन येऊन गेला होता: "भाईजान, कॉम्प्युटर करून देतो, मॅनेजमेंटमधून. फक्त आज सांगा." अब्बांनी मनात शेताचा तुकडाही मोजून ठेवला होता, असं नंतर कळलं.

आम्ही आधी नियम उघडून बसलो. मिळालेली जागा सोडायची गरज नव्हती आणि तिच्यावर समाधान मानायचीही नव्हती. एक हजार रुपये भरून जागा स्वीकारायची आणि 'बेटरमेंट'चा पर्याय घ्यायचा. पुढच्या फेरीत वरचं मिळालं तर ते, नाही मिळालं तर सिव्हिल हातात राहतं. मात्र वरचं मिळालं की जुनी जागा आपोआप जाते, मागं फिरता येत नाही. म्हणून पुढच्या फेरीचा फॉर्म भरताना सिव्हिलपेक्षा खरोखर जास्त हवं असेल तेवढंच लिहायचं. दुसरा चकवा 'ऑटो फ्रीझ'चा. २०२५ च्या नियमांत पहिल्या फेरीत पहिली पसंती, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहा पसंतींपैकी काही मिळालं तर तीच जागा घ्यावी लागते, पुढच्या फेरीचं दार बंद. शेजारच्या मुलाचं बघून, गंमत म्हणून वरच्या ओळीत काही लिहिलं तर ते असं महागात पडतं. नियम वर्षागणिक थोडेफार बदलतात, तेव्हा त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचायलाच हवी.

आता पैशाचं. खरा पेच इथंच होता.

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं राज्यात व्यावसायिक अभ्यासक्रमाला जाणाऱ्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. आधी ही सवलत निम्मी होती. अटी अशा, की मुलगी ओबीसी, ईडब्ल्यूएस किंवा एसईबीसी गटातली हवी, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं आणि प्रवेश कॅपमधून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्याला ही माफी नाही. म्हणजे एजंट जे 'करून देतो' म्हणत होता त्यात चार वर्षांची पूर्ण फी तर होतीच, शिवाय हक्काची माफीही जाणार होती. सिव्हिलच्या जागेला ती लागू होती.

हे घर मुलाणी. तांबोळी, अत्तार, बागवान, पिंजारी यांच्यासारखंच मुलाणीही राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. या घरानं पौडच्या तहसील कचेरीतून नॉन क्रीमिलेयरचा दाखला वेळेवर काढला होता, जातवैधताही हातात होती. अल्लाहचा शुक्र आणि आजोबांच्या जुन्या दाखल्याची मेहेरबानी, कारण त्यावर 'मुलाणी' स्पष्ट लिहिलेलं होतं. कितीतरी घरांत शाळेच्या दाखल्यावर नुसतं 'मुसलमान' असतं आणि मग पणजोबांचे कागद शोधत मोडीच्या जाणकारापर्यंत जावं लागतं. बारावीच्या निकालानंतर हे काम उरकत नाही. मूल आठवी-नववीत असतानाच हाती घ्यावं. आणि ज्यांची जात कुठल्याच मागास यादीत नाही अशा सय्यद, पठाण घरांना उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल आणि बाकीच्या अटी बसत असतील तर ईडब्ल्यूएसचा दाखला मिळू शकतो. तो आपल्यासाठी नाही असं समजून बसलेली माणसं आम्हाला आजही भेटतात. अल्पसंख्याक संस्थांत समाजासाठी राखलेल्या ५१ टक्के जागाही विसरू नयेत; फार्मसी किंवा आर्किटेक्चर हवं असणाऱ्या मुलांनी पुण्यात आझम कॅम्पसच्या कॉलेजांची नावं यादीत घालताना तो रकाना भरलाय का ते पाहावं.

पैशाचा हिशेब झाला तरी मनाचा राहतोच. मुलीला सिव्हिल नको असेल तर फुकट मिळालं म्हणून चार वर्षं तिनं का रेटावीत? आमचं मत असं, की फी माफ आहे हे कारण आईबापांना पुरेसं वाटलं तरी मुलीला पुरत नाही. म्हणून आम्ही तिलाच विचारलं, कॉम्प्युटर का हवं होतं? ती थोडा वेळ थांबली. "सगळे तेच घेतात म्हणून," म्हणाली. "आणि अब्बांची बस तिकडंच जाते."

अब्बा खाली बघत होते.

डॉ. झाकिर हुसेन डॉक्टर व्हायचं म्हणून लखनौच्या कॉलेजात गेले होते. आजारपणानं ती वाट बंद झाली आणि ते अलीगढला वेगळ्याच विषयांकडे वळले. पुढं बर्लिनहून अर्थशास्त्रात डॉक्टरेट घेऊन आले, जामिया सांभाळलं आणि राष्ट्रपती झाले. ही हकीकत आम्ही सांगितली खरी, पण अठरा वर्षांच्या मुलीला राष्ट्रपतींचा काय दिलासा! तिचे डोळे चमकले ते दुसऱ्याच गोष्टीवर. आम्ही म्हटलं, तुझ्या तालुक्याकडं बघ. शंभर वर्षांपूर्वीचं टाटांचं मुळशी धरण, ज्याचं पाणी सह्याद्रीवरून खाली भिऱ्याच्या वीजघरात सोडतात आणि ज्याच्यासाठी गावं बुडणार म्हणून सेनापती बापटांनी सत्याग्रह केला. २०२३ मध्ये खुला झालेला चांदणी चौकाचा नवा पूल. माणपासून हिंजवडीमार्गे शिवाजीनगरला जाणारी तेवीस किलोमीटरची मेट्रो. हे सगळं सिव्हिलच की.

"आणि पावसात हिंजवडीचे रस्ते तुंबतात तेही," अब्बा म्हणाले. "दोन-दोन तास बस हलत नाही. ते कुणीतरी शिकून नीट करायलाच पाहिजे." त्या संध्याकाळी ते पहिल्यांदा हसले.

मग तिला बाकीच्या वाटाही सांगितल्या. पहिल्या वर्षाचे बरेच विषय सगळ्या शाखांना सारखे असतात. दुसऱ्या वर्षी जागा रिकाम्या असतील तर गुणांवर शाखा बदलून मिळू शकते, मात्र त्याची खात्री कुणी देत नाही. आणि सिव्हिल करता करता कॉम्प्युटरचे जादा विषय घेऊन मायनर करता येतं का, हे कॉलेजात विचारता येतं.

रात्री दादींनी नातीला जवळ घेतलं. इस्तिखारा कर, म्हणाल्या, पण आधी मशवरा पुरा कर. सकाळी लेकीनं स्वतः एक हजार भरले, बेटरमेंट घेतलं आणि दुसऱ्या फेरीसाठी चारच पर्याय लिहिले, सगळे कॉम्प्युटरचे, घरातून रोज जाऊन-येऊन जमतील अशा कॉलेजांचे. नेट कॅफेत ती गेली, पण माऊस तिच्याच हातात होता.

चारपैकी एकही मिळालं नाही. पुढच्या फेरीत तिनं पर्याय वाढवले नाहीत. एजंटाचा फोन आणखी दोनदा आला, तो अम्मीनं घेतला आणि काय बोलायचं ते बोलली.

सप्टेंबरात आम्हाला तिचा फोन आला. वर्ग सुरू झाले होते. सिव्हिलच्या तिच्या वर्गात मुली कमी आहेत, पण आहेत. तिला एकच विचारायचं होतं: ड्रॉइंगसाठी ड्राफ्टर लागतो, नवा महाग पडतो, अप्पा बळवंत चौकात जुना कुठं मिळेल?