ऑडिओ एडिटिंगसाठी फुकट सॉफ्टवेअर शोधताय? आधी 'फुकट' आणि 'मुक्त' यातला फरक बघा

सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडमध्ये 2008 पासून 'माणदेशी तरंग वाहिनी' हा कम्युनिटी रेडिओ 90.4 एफएमवर चालतो. तिकडे सांगली जिल्ह्यात, जत तालुक्यातल्या जालिहाळ बुद्रुकला 'येरळावाणी' आहे. दोन्ही पट्टे दुष्काळी, आणि दोन्हीकडे माईकसमोर बसणारी माणसं आसपासच्या गावातलीच. त्याआधी या भागातल्या माणसाला आपला आवाज लांब पोचवायचा तर सांगलीच्या आकाशवाणीचा उंबरा गाठावा लागायचा. आता मोबाईल आणि एक जुना लॅपटॉप असला तरी भागतं. तासगावच्या द्राक्षबागेवरचा पॉडकास्ट असो, वाईच्या घाटावरची रील असो, नाहीतर आजीनं म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या असोत.

अडतं ते पुढच्या पायरीवर. रेकॉर्डिंग झालं, आता ते कापायचं, जोडायचं, साफ करायचं कशात?

बरेच जण इथं सोपी वाट धरतात. ओळखीतला कुणीतरी महागडं सॉफ्टवेअर 'क्रॅक' करून पेन ड्राईव्हवर देतो. पैसे वाचले असं वाटतं. पण अशा क्रॅकमध्ये ब्राउझरमधलं लॉगिन चोरणारे प्रोग्रॅम लपवलेले असू शकतात, आणि ते चोरीला गेलं तर पासवर्ड कुणाला न सांगताही चॅनेल हातचं जातं. तीन वर्षांत जमवलेले सबस्क्रायबर एका दुपारी जाणं, हा सौदा काही स्वस्त नाही.

फुकट वेगळं, मुक्त वेगळं

ओसेनऑडिओ फुकट मिळतं, पण त्याचा सोर्स कोड बंद आहे. कंपनीनं उद्या पैसे मागितले किंवा ते बंद केलं, तर वापरणाऱ्याच्या हातात काही उरत नाही. रीपर तर फुकटही नाही. 60 दिवस वापरून बघायचं, मग लायसन्स घ्यायचं. ओपन सोर्स म्हणजे मुक्त सॉफ्टवेअरचा कोड सगळ्यांसमोर असतो. तो कुणीही तपासू शकतो, बदलू शकतो, बदललेली आवृत्ती वाटू शकतो. त्यावर बनवलेल्या ऑडिओतून तुम्ही कमाई केलीत तरी कुणाला काही देणं लागत नाही. मात्र हे सॉफ्टवेअरपुरतंच. मागे लावलेल्या गाण्याचा कॉपीराइट हा वेगळा विषय, तिथं ही ढाल चालत नाही.

या फरकाचा दाखला ऑडॅसिटीच्याच इतिहासात आहे. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅननबर्ग यांनी 1999 मध्ये ते लिहायला घेतलं आणि 2000 मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं. 2021 मध्ये म्युझ ग्रुप या कंपनीनं ते ताब्यात घेतलं. वापराची माहिती गोळा करण्याचा प्रस्ताव आणि नवं गोपनीयता धोरण यावरून मोठा गदारोळ झाला. कंपनीनं प्रस्ताव मागे घेतला, धोरणाची भाषाही बदलली. पण तोवर काही जणांनी तोच कोड घेऊन 'टेनॅसिटी' नावाची वेगळी आवृत्ती काढलीसुद्धा. बंद कोडच्या सॉफ्टवेअरमध्ये हे शक्यच नसतं.

मग घ्यायचं कोणतं?

बोलण्याचं काम असेल, म्हणजे पॉडकास्ट, मुलाखत, कथाकथन, रीलचा व्हॉइसओव्हर, तर ऑडॅसिटी. फार डोकं खाजवायची गरज नाही. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं, साध्या लॅपटॉपवरही चालतं. भाषांच्या यादीत मराठीही आहे, पण मेन्यू इंग्रजीतच ठेवलेला बरा. शिकवणारे बहुतेक व्हिडिओ इंग्रजी नावंच घेतात.

गाण्याचं काम असेल, म्हणजे पेटी, तबला, आवाज वेगवेगळ्या ट्रॅकवर घेऊन मिक्स करायचं असेल, तर आर्डर बघा. पॉल डेव्हिस यांनी सुरू केलेलं हे सॉफ्टवेअर ताकदीचं आहे, पण शिकायला वेळ खातं. त्याचा कोड मुक्त आहे, तरी साइटवरून तयार फाइल घेताना थोडे पैसे मागतात. लिनक्सवर ते तसंच मिळतं. एलएमएमएस हे बीट आणि धून बांधण्यासाठी. त्याच्या 1.2 या आवृत्तीत माईकवरून रेकॉर्डिंग करता येत नाही, हे अनेकांना डाउनलोड केल्यावर कळतं.

मोबाईलवर? ऑडॅसिटीचं अँड्रॉइड ॲप नाही. त्या नावाचं काही दिसलं तर ते दुसऱ्या कुणाचं तरी आहे. संगणकावर घेतानाही ऑडॅसिटीटीम डॉट ऑर्ग या अधिकृत साइटवरूनच घ्यावं.

फोनवर रेकॉर्ड करून संगणकावर एडिट करायचं असेल तर दोन गोष्टी आडव्या येतात. बऱ्याच फोनचं रेकॉर्डिंग एम-फोर-ए प्रकारात असतं आणि विंडोजवर ऑडॅसिटी ते एफएफएमपेग ही मोफत लायब्ररी टाकल्याशिवाय उघडत नाही. लोकांना वाटतं फाइलच खराब झाली. दुसरं, व्हॉट्सॲपची व्हॉइस नोट आवाज बराच दाबते. म्हणून आधी रेकॉर्डरमध्ये रेकॉर्ड करा आणि फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

नॉइज रिडक्शन म्हणजे जादू नाही

समजा, साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर, पवनचक्क्यांखाली कुणाची मुलाखत घेतली. घरी येऊन ऐकलं तर सगळा वारा. ऑडॅसिटीतलं नॉइज रिडक्शन इथं फारसं कामाला येणार नाही, कारण त्याची पद्धतच वेगळी आहे. आधी त्याला नुसत्या गोंगाटाचा एक-दोन सेकंदांचा तुकडा निवडून द्यायचा. कोणत्या कंपनसंख्येवर किती गोंगाट आहे हे ते मोजतं आणि मग पूर्ण रेकॉर्डिंगमध्ये त्या पातळीखालचं दाबत जातं. पंखा, फ्रिज, इन्व्हर्टरची गुणगुण एकसारखी असते, ती छान जाते. वारा, एसटीचा हॉर्न, मिरवणुकीतली हलगी क्षणाक्षणाला बदलते. जोर लावून दाबलं की माणूस पाण्याखालून बोलतोय असं वाटतं.

वाऱ्यासाठी हाय-पास फिल्टर 80 ते 100 हर्ट्झवर लावला तर घुमणारा भाग थोडा कमी होतो. त्याहून चांगलं म्हणजे रेकॉर्डिंगच्या वेळीच माईकवर स्पंज लावणं आणि वाऱ्याकडे पाठ करून उभं राहणं. हलगी जवळून रेकॉर्ड करताना पातळी आधीच कमी ठेवा. आवाजाच्या लाटेचं टोक एकदा कापलं गेलं की कोणतंच सॉफ्टवेअर ते जसंच्या तसं परत आणत नाही.

शेवटी लाउडनेस नॉर्मलायझेशन. स्पॉटिफाय आवाज साधारण उणे 14 एलयूएफएसवर आणतं, ॲपल पॉडकास्टची शिफारस उणे 16 च्या आसपासची. हे न केल्यास एक भाग कुजबुजतो, दुसरा ओरडतो.

आणि मूळ फाइल पुसू नका. ऑडॅसिटीची प्रोजेक्ट फाइल ऑडॅसिटीतच उघडते. वेव्ह फाइल जवळपास कुठंही चालते. एक तासाचं मोनो रेकॉर्डिंग 16 बिटमध्ये साधारण 300 एमबी होतं. आजीच्या ओव्यांचे चार तास एका साध्या पेन ड्राईव्हवर मावतात, दुसरी प्रत भाच्याच्या लॅपटॉपवर ठेवता येते. पॉडकास्टसाठी लागणारी एमपी-थ्री वेगळी काढा.