जाम झालेले पद्मिनीचे इंजिन

मुंबईत कुर्ल्याला तयार होणारी प्रीमियर पद्मिनी बंद होऊन दोन दशके उलटली, तरी खामगाव-मलकापूरकडे एखाद्या गोठ्याशेजारी ती धूळ खात उभी दिसू शकते. पावसाळ्याची दमट हवा उघड्या व्हॉल्व्हमधून सिलिंडरमध्ये शिरते. बिडाच्या बोअरवर गंज चढतो आणि पिस्टनच्या रिंगा त्याला चिकटतात. इंजिन जाम होते ते बहुधा असे.

अशा वेळी सेल्फ मारणे किंवा गाडी ओढून सुरू करणे म्हणजे रिंगा मोडण्याची हमीच. आधी डिपस्टिक पाहावी. ऑइल दुधाळ असेल तर पाणी शिरले आहे. मग चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये गंज सोडवणारे तेल किंवा डिझेल-ऑइलचे मिश्रण ओतावे आणि काही दिवस मुरू द्यावे. नंतर क्रँकच्या पुलीवरील नटाला पाना लावून किंचित पुढे, किंचित मागे असे हलवावे. इथे ताकदीपेक्षा चिकाटी कामाला येते. तरीही न हलल्यास हेड उतरवावे.

इंजिन मोकळे झाल्यावर ऑइल व फिल्टर बदलावा, टाकीतले शिळे पेट्रोल काढावे. प्लग न लावता सेल्फ फिरवून ऑइलचा दाब आल्याची खात्री करावी. प्लग बसवायचे ते त्यानंतरच.