साठ गावांची एक कचेरी

स्थानिक स्वराज्याचा प्रश्न निघाला की आपल्याकडील चर्चा दोन टोकांमध्ये हेलकावे खात राहते. एका पक्षाचे म्हणणे असे की, गाव हाच लोकशाहीचा पाया असल्यामुळे त्याच्या स्वतंत्र अस्तित्वाला हात लावू नये. दुसरा पक्ष म्हणतो की, तीनचारशे वस्तीचे गाव नळपाणी, शाळा आणि हिशेबठिशेब यांचा भार पेलूच शकत नाही. तेव्हा गावे एकत्र करावीत आणि मोकळे व्हावे. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे, आणि म्हणूनच हा वाद मिटत नाही. पश्चिम जर्मनीतील ऱ्हाइनलंड-फाल्ट्स या घटक राज्याने या पेचातून जी वाट काढली, ती या संदर्भात अभ्यासण्याजोगी आहे. त्या वाटेचा आपल्या सहकारी चळवळीच्या जन्मकथेशी संबंध आहे, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानात नसते.

जर्मनीच्या लोकसंख्येपैकी जेमतेम पाच टक्के लोक या राज्यात राहतात. पण देशातील सुमारे १०,८०० स्वायत्त गावे-शहरांपैकी २,३०० च्या आसपास एकट्या या राज्यात आहेत. आइफेलच्या डोंगराळ भागातील डीरफेल्ड हे गाव तर दहाएक माणसांचे. तरीही कायद्याच्या दृष्टीने ते स्वतंत्र गाव आहे. इतक्या चिमुकल्या घटकांचा कारभार चालतो तो ‘फेरबांड्सगेमाइंडे’ या संस्थेमुळे. शब्दशः अर्थ ‘संघ-ग्राम’; आपण तिला ग्रामसंघ म्हणू.

या संस्थेचे मूळ बरेच जुने आहे. फ्रेंच अमदानीत ऱ्हाइनच्या डाव्या तीरावर अनेक गावे मिळून एक महापौर-कचेरी नेमण्याची पद्धत पडली होती. १८१५ मध्ये हा मुलूख प्रशियाकडे गेल्यावर नव्या राज्यकर्त्यांनी ती मोडली नाही. उलट उजव्या तीरावरही रुजवली. गावे आपापल्या जागी राहिली आणि त्यांच्यावर ‘ब्युर्गरमाइस्टर’ हा सरकारनियुक्त अधिकारी आला. १८४५ साली वेस्टरवाल्डच्या डोंगराळ, दरिद्री प्रदेशातील वायरबुश येथे असा एक अधिकारी रुजू झाला. वय २७, नेत्रविकारामुळे लष्करी नोकरी सोडावी लागलेली. त्याचे नाव फ्रीडरिख विल्हेल्म रायफायझन.

सहकाराच्या पाठ्यपुस्तकांतून रायफायझन आपल्याला भेटतो तो पतपेढ्यांचा जनक म्हणून. तो या कचेऱ्यांचा प्रमुख होता, ही गोष्ट बहुधा एका ओळीत उरकली जाते. माझ्या मते सारे मर्म त्या ओळीतच आहे. १८४६-४७ च्या हिवाळ्यात पीक बुडून उपासमार सुरू झाली. सरकारी कोठारातून पीठ आले, पण ते रोखीनेच विकावे असा हुकूम होता. आणि रोकड तर कोणापाशीच नव्हती. रायफायझनने हुकूम बाजूला सारून ते उधारीवर वाटले, सधन मंडळींकडून पैसा उभा केला, भटारखाना बांधला आणि बाजारभावापेक्षा बऱ्याच कमी दराने पाव दिला. पुढे फ्लामर्सफेल्डच्या कचेरीत बदली झाल्यावर, १८४९ मध्ये, गुरांच्या व्यापाऱ्यांच्या कर्जात अडकलेल्या शेतकऱ्यांसाठी त्याने साठ सधन माणसांच्या सामायिक जामिनकीवर मदतसंस्था काढली. तिसऱ्या कचेरीत, हेडेसडोर्फ येथे, १८६४ मध्ये खरी कर्जपेढी उभी राहिली. तिच्यात कर्ज घेणाराच सभासद होता.

पेढीचे क्षेत्र एका गावापुरते असावे, कारण जामीन राहणाऱ्याला कर्जदाराची नियत ठाऊक हवी. पण हिशेब, भांडवल आणि देखरेख यांसाठी अनेक गावांवर नजर असलेली एक यंत्रणा हवी. ही दुहेरी जाण त्याला पुस्तकातून नव्हे, वीसपंचवीस गावांचा कारभार एका टेबलावरून पाहताना आली असली पाहिजे. १८७२ मध्ये नॉयवीड येथे पेढ्यांची मध्यवर्ती बँक त्याने काढली, तिच्यामागेही हेच सूत्र दिसते.

मद्रास सरकारने नेमलेल्या फ्रेडरिक निकल्सन यांनी १८९५ व १८९७ च्या अहवालांतून हिंदुस्थानला हाच माणूस शोधायचा सल्ला दिला. त्यातून १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. ग्रामीण संस्थांची अमर्याद जबाबदारीही आली. पेढी आपण आणली. ती ज्या कचेरीत जन्मली ती कचेरी मात्र आणली नाही. आपल्या गट ग्रामपंचायतीत दोनतीन गावे मिळून एकच पंचायत असते. सर्वांत लहान गावाचा आवाज तिथे बुडण्याची भीती कायम राहते. दुसरीकडे, एकच ग्रामसेवक दोनतीन पंचायतींची दप्तरे काखोटीला मारून हिंडतो. म्हणजे सामायिक कचेरीची गरज आपण मान्य केली आहे. फक्त तिला छप्पर दिलेले नाही.

जर्मन कचेरीला १९२७ मध्ये ‘आम्ट’ असे नाव मिळाले. १९३५ च्या नाझी कायद्याने गावांचे निवडणुकीचे हक्क संपवले. १९४९ च्या राज्यघटनेच्या २८ व्या कलमाने गावाचा स्वशासनाचा हक्क पुन्हा प्रस्थापित केला. खरी कसोटी आली साठीच्या दशकाच्या अखेरीस. मोठे ते कार्यक्षम, या श्रद्धेने पश्चिम जर्मनीत गावांच्या विलीनीकरणाची लाट उसळली आणि दहा-बारा वर्षांत सुमारे २४,००० घटकांचे साडेआठ हजार झाले. शेजारच्या नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालेनने तर सुमारे २,३०० चे ३९६ करून टाकले. ऱ्हाइनलंड-फाल्ट्सने बहुतांश गावे राखली आणि १९६८ मध्ये आम्टचेच रूपांतर लोकनियुक्त ग्रामसंघात केले. प्रमाणाचे लाभ कचेरीला मिळतात; त्यासाठी गाव मोडावे लागत नाही, हा यातील अर्थशास्त्रीय विचार मला बिनतोड वाटतो.

कामाची वाटणी पाहण्यासारखी आहे. प्राथमिक शाळांच्या इमारती व व्यवस्था, अग्निशमन, पाणीपुरवठा, सांडपाणी आणि भूवापराचा आराखडा ही कामे संघाची. शिक्षकांचा पगार राज्याचा. बालवाडी, गावातील रस्ते, दफनभूमी, गावाच्या मालकीचे जंगल ही गावाची. गावाचा सरपंच थेट मतदानाने पाच वर्षांसाठी निवडला जातो व मानधनावर काम करतो. संघाचा प्रमुख आठ वर्षांसाठी निवडलेला, पूर्णवेळ पगारी. गावाचे अंदाजपत्रक संघाचे कारकून तयार करतात, कराच्या नोटिसा तेच धाडतात, पण गावाच्या नावाने. निर्णय मात्र गावाच्या सभेचा. सर्व गावांची गंगाजळी एकाच तिजोरीत असते आणि प्रत्येकाचे जमाखर्चाचे पान वेगळे.

व्यवस्था अशी देखणी असली तरी पैशाचा ओघ पाहिला की चित्र पालटते. मालमत्ता कर आणि व्यवसाय कर गावाचे, त्यांचा दर ठरवण्याचा अधिकारही गावाचा; शिवाय आयकराचा वाटा. परंतु या उत्पन्नावर आधी संघ आपली पट्टी बसवतो, मग जिल्हा आपली. दोहोंचे समाधान झाल्यावर जे उरते, त्यात दिवे आणि रस्ते सांभाळायचे. कायद्याने अधिकार आणि हिशेबाने पारतंत्र्य, अशी ही अवस्था आहे. अनेक संस्था रोजच्या खर्चासाठी कर्ज काढू लागल्या. २०२० च्या डिसेंबरात राज्याच्या घटना-न्यायालयाने आर्थिक वाटपाची पद्धतच घटनाबाह्य ठरवली. त्यानंतर राज्याने या कर्जांपैकी सुमारे निम्मी, म्हणजे ३ अब्ज युरोंची, आपल्या अंगावर घेतली. मात्र २०२३ पासूनच्या नव्या वाटपात कराचे प्रमाणभूत दर वाढवले गेले. गावाने प्रत्यक्षात कर कमी ठेवला तरी त्याचे उत्पन्न वरच्या दरानेच मोजले जाऊ लागले. त्याच वर्षी फाल्ट्समधील फ्राइसबाख या गावाचे तुटीचे अंदाजपत्रक वरून नामंजूर झाले, कर वाढवण्याचा दट्ट्या आला, आणि सरपंचासह साऱ्या सभेने राजीनामे दिले.

कचेऱ्याही आता दूर सरकत आहेत. संघाची वस्ती किमान १२,००० असावी, असे २०१० च्या कायद्याने ठरवले; १६३ ग्रामसंघांचे १२९ झाले. त्या फेररचनेत १ जानेवारी २०२० रोजी आल्टनकिर्खन आणि फ्लामर्सफेल्ड हे संघ एक झाले. रायफायझनने जेथे नोकरी केली ती वायरबुश व फ्लामर्सफेल्ड ही दोन्ही ठिकाणे आज साठांहून अधिक गावांच्या या एकाच संघात आहेत. गावे तीच, सभा त्याच. कचेरी तेवढी मोठी झाली. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात गैर काही दिसणार नाही. परंतु दिवसा स्वतःची नोकरी, संध्याकाळी गावाची कामे आणि हाती उरलेला तुटपुंजा पैसा, हे ओझे उचलायला माणसे मिळेनाशी झाली आहेत. जून २०२४ च्या निवडणुकीत अनेक गावांतून सरपंचपदासाठी एकही अर्ज आला नाही. अशा वेळी निवड करण्याचे काम कायद्याने नव्या सभेवर येते, आणि मग सदस्य एकमेकांच्या तोंडाकडे पाहत बसतात.