मनीऑर्डर थांबल्यावर

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

१९ जानेवारी १९५६ रोजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी आकाशवाणीवरून देशाला सांगितले की, आयुर्विम्याचा व्यवसाय सरकार आपल्या हाती घेत आहे. देशमुख आपल्या कोकणातलेच, महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले. त्याच वर्षी १ सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ सुरू झाले. देशातल्या लहानमोठ्या २४५ विमा कंपन्या आणि प्रॉव्हिडंट सोसायट्या त्यात सामावल्या गेल्या. त्याआधीच्या काळात अनेक कंपन्या बुडाल्या होत्या आणि वर्षानुवर्षे हप्ते भरलेली माणसे हात चोळत बसली होती. म्हणून महामंडळाच्या पॉलिसीच्या रकमेला केंद्र सरकारची हमी देण्यात आली, आणि ती कायद्यातच लिहिलेली आहे.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या घरांना मात्र त्या काळी विमा आणि पेन्शन या दोन्हींची गरज फारशी जाणवत नसे, कारण दोन्हींचे काम एकच गोष्ट करी. ती म्हणजे मुंबईहून येणारी मनीऑर्डर. घरातला एक भाऊ गिरणीत, गिरणगावात गावकऱ्यांच्या खोलीवर वळकटी टाकून राहणारा, आणि बाकीचे घर गावात भात, नाचणी, चार कलमे सांभाळणारे. तो आजारी पडला की गावी येई, त्याच्या जागी धाकटा जाई. म्हातारपणी तो गावी परतला की मुलाची मनीऑर्डर सुरू होई. एकत्र कुटुंब ही आपली विमा कंपनी होती आणि पोस्टमन हा तिचा कारकून होता.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही, आणि बहुसंख्य कामगारांना पुन्हा कामावर जाता आले नाही. जे गावी परतले त्यांच्या हाती पडला तर प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटी पडली, तीही अनेकांना उशिरा. दरमहा पेन्शन देणारी कर्मचारी पेन्शन योजना आली १६ नोव्हेंबर १९९५ ला, म्हणजे संपानंतर जवळजवळ चौदा वर्षांनी. एकरकमी आलेला पैसा घराचे कौल, मुलीचे लग्न आणि भावाभावांची देणी यांत संपला. चाळिशी-पन्नाशीतला माणूस आणि पुढे जगायची पंचवीस-तीस वर्षे, अशी ती स्थिती होती. अनेक घरे त्यातून वर यायला एक पिढी लागली.

ही जुनी गोष्ट सांगण्याचे कारण असे की, ती व्यवस्था संपली तरी आपली मने अजून तिच्यातच आहेत. आंबा बागायतदारांच्या बैठकीत फळपीक विम्यावर तासन्‌तास चर्चा होते. कुठल्या मंडळातल्या हवामान केंद्रात किती तापमान नोंदले गेले, अवकाळी पाऊस धरला की नाही, सगळे तोंडपाठ असते. मोहोराचा विमा उतरवणाऱ्या त्या माणसाला विचारावे की, तुमच्या स्वतःच्या आयुष्याचा विमा किती? बहुतेक वेळा उत्तर येते, ‘आहे की, मेव्हणा एजंट आहे, त्याची एक पॉलिसी घेतली होती.’ रक्कम आठवत नाही.

कुटुंबापुढे धोके दोन आहेत आणि ते अगदी उलट आहेत. एक, कमावणारा माणूस फार लवकर जाणे. दुसरा, कमाई थांबल्यावर फार वर्षे जगणे. पहिल्याला विमा लागतो, दुसऱ्याला साठवण आणि पेन्शन. आपल्याकडे ही दोन्ही कामे एकाच पॉलिसीकडून करून घ्यायची हौस आहे. मुदत संपल्यावर पैसे परत मिळायलाच हवेत, नाहीतर ‘फुकट गेले’ असे वाटते. म्हणून मनीबॅक नाहीतर एंडोमेंट पॉलिसी घेतली जाते, तीही पुष्कळदा मार्च महिन्यात, कर वाचवण्याच्या घाईत. तिच्यात विम्याचे संरक्षण तुटपुंजे असते आणि साठवणही बेताची. माझे मत विचाराल तर विमा हा शुद्ध मुदतीचा घ्यावा, ज्याला टर्म इन्शुरन्स म्हणतात. माणूस गेला तर घराला मोठी रक्कम, न गेला तर काही नाही. तेवढ्याच हप्त्यात संरक्षण कितीतरी पटींनी जास्त मिळते. घराला आग लागली नाही म्हणून आगीच्या विम्याचे पैसे फुकट गेले असे आपण म्हणत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून तर वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविमा यांच्या हप्त्यावरचा जीएसटीही काढून टाकण्यात आला आहे.

किती रकमेचा घ्यावा, याचा हिशेब घरीच करता येतो. समजा, घरखर्च महिना वीस हजार आहे. वर्षाला दोन लाख चाळीस हजार. बँकेत सहा टक्क्यांनी एवढे व्याज मिळवायचे तर चाळीस लाख ठेवावे लागतात, आणि यात महागाई धरलेलीच नाही. घरावर, बोटीवर कर्ज असेल तर ते वेगळे. आता याच्या शेजारी प्रधानमंत्री जीवनज्योती विमा ठेवून पाहा. वर्षाला ४३६ रुपये, दोन लाखांचे संरक्षण. त्याच घरात दोन लाख म्हणजे दहा महिने. योजना चांगली आहे, अठरा ते पन्नास वयाच्या प्रत्येकाने घ्यावी, पण ‘माझा विमा झाला’ म्हणून तेवढ्यावर थांबू नये. आणखी एक बारीक गोष्ट. हिचे वर्ष १ जून ते ३१ मे असे असते आणि हप्ता मेअखेर खात्यातून आपोआप कापला जातो. आपल्या किनाऱ्यावर १ जूनला पावसाळी मासेमारी बंदी लागते. जाळी वर घेतलेली, खलाशांचे हिशेब भागवलेले, आणि खाते नेमके त्याच आठवड्यात रिकामे. हप्ता कापला गेला नाही की विमा बंद. पासबुक भरून पाहावे.

टर्म विम्याच्या अर्जात तंबाखूचा प्रश्न असतो. तिथे खरे लिहावे. गुटखा म्हणजे तंबाखू आणि मशेरी म्हणजेही तंबाखूच. ‘मी विडी ओढत नाही, नुसती मशेरी लावते’ हे विमा कंपनीला चालत नाही. हप्ता थोडा वाढेल, वाढू द्यावा. पॉलिसीला तीन वर्षे झाल्यावर कंपनी कोणत्याही कारणाने तिच्यावर आक्षेप घेऊ शकत नाही, पण त्याआधी लपवलेली गोष्ट उघडी पडली तर दावा नाकारला जाऊ शकतो.

आता समुद्राकडे येऊ. मिरकरवाडा, हर्णे, जयगड, साखरीनाटे या बंदरांतल्या घरांचा प्रश्न इतरांहून वेगळा आहे. माणूस समुद्रात पडतो आणि मृतदेह मिळत नाही. मृतदेह नाही तर पंचनामा नाही, शवविच्छेदन नाही, मृत्यूचा दाखला नाही, आणि दाखला नाही तर विम्याचा दावा पुढे सरकत नाही. पुराव्याच्या कायद्यानुसार ज्या माणसाची सात वर्षे काहीच खबर नाही, तो मृत आहे असे धरता येते. पूर्वी भारतीय पुरावा कायद्यात हे होते, २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. सात वर्षे म्हणजे पहिलीतले मूल आठवीत जाते. या सात वर्षांत पॉलिसी चालू ठेवायची तर बेपत्ता माणसाचे हप्ते त्याच्या बायकोने भरायचे असतात, हे पुष्कळ घरांना ठाऊक नसते. शोकात आणि तंगीत हप्ते थांबतात, पॉलिसी बंद पडते.

सात वर्षे थांबावेच लागते असेही नाही. अपघात घडल्याचा पुरावा भक्कम असेल तर न्यायालयापुढे मृत्यू आधीही सिद्ध करता येतो. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळली, तेव्हा शोध थांबवल्यावर न सापडलेल्यांना मृत जाहीर करण्यात आले. पण तिथे सगळ्या राज्याचे लक्ष होते. एकट्या बोटीवरच्या एकट्या खलाशासाठी तो पुरावा आपल्यालाच उभा करावा लागतो. म्हणून तक्रार त्याच दिवशी पोलिसांत नोंदवावी, मत्स्यव्यवसाय खात्याच्या कार्यालयाला लेखी कळवावे, बोटीवरच्या सोबत्यांचे जबाब लगेच व्हावेत, आणि त्या दिवशी हा माणूस बोटीवर होता हे कागदावर असावे. खलाशांची नावे न नोंदवता बोट सोडणाऱ्या मालकाला हे ऐकवायलाच हवे. नोंदणी केलेल्या मच्छीमारांसाठी मत्स्यसंपदा योजनेखाली अपघात विमा आहे. मृत्यू आला किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर पाच लाख, आणि हप्ता केंद्र व राज्य सरकार भरते. नाव नोंदलेले नसेल तर यातले काहीच मिळत नाही. आणि हा विमा अपघाताचा आहे. बोटीवर हृदयविकाराचा झटका आला तर तो साधारणपणे यात बसत नाही, त्यासाठी आयुर्विमाच हवा.

पैसे मंजूर झाल्यावरही ते योग्य हाती पडतील असे नाही. लग्नाआधी घेतलेल्या पॉलिसीवर नॉमिनी म्हणून आईचे नाव असते. लग्न होते, मुले होतात, नाव तसेच राहते. सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्येच सांगितले आहे की, नॉमिनी हा रक्कम स्वीकारणारा हात असतो, ती वारसांची असते. २०१५ च्या दुरुस्तीने आई-वडील, पती-पत्नी आणि मुले यांना वेगळे स्थान दिले, तरी वाद संपलेले नाहीत. सासू-सुनेला कोर्टात उभे करण्यापेक्षा एक फॉर्म भरून नाव बदलणे सोपे. बोटीवर, बागेवर कर्ज काढणाऱ्यांनी आणखी एक जुना कायदा लक्षात ठेवावा, १८७४ चा विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा. त्याखाली पती पत्नीच्या आणि मुलांच्या नावे पॉलिसी घेऊ शकतो. मग ती रक्कम त्यांचीच, सावकाराला किंवा बँकेला पतीच्या कर्जापोटी तिच्यावर हात टाकता येत नाही. मात्र हे पॉलिसी घेतानाच लिहून द्यावे लागते.

म्हातारपणाबद्दल बोलताना आपल्याकडचे ठरलेले उत्तर म्हणजे, ‘जमीन आहे ना!’ जमीन आहे, पण सातबारा उघडून पाहा. आजोबांच्या मागे वीस-पंचवीस नावे. एक चुलतभाऊ विरारला, एक बडोद्याला, एकाचा पत्ताच नाही. औषधाला पैसे हवेत म्हणून अशी जमीन आठवड्यात विकता येत नाही, आणि सह्या जमेपर्यंत दुखणे थांबत नाही. विकली गेलीच तर पैसा एकदाच येतो. याचे सगळ्यात ठसठशीत उदाहरण आपल्या शहरातच आहे. ब्रह्मदेशाचा राजा थिबा १८८६ साली रत्नागिरीत आणला गेला आणि १९१६ मध्ये इथेच वारला. तीस वर्षे तो इंग्रजांच्या तनख्यावर जगला आणि तनखा पुरेना म्हणून बरोबर आणलेली रत्ने विकत राहिला. तनखा दुसऱ्याच्या मर्जीचा आणि रत्ने संपणारी. त्याची नात याच रत्नागिरीत गरिबीत जगली आणि २००० साली वारली.

पेन्शनच्या बाबतीत उशिराची किंमत किती, ते अटल पेन्शन योजनेच्या तक्त्यात स्वच्छ दिसते. साठीनंतर महिना पाच हजार रुपये हवे असतील तर अठराव्या वर्षी सुरुवात करणाऱ्याला महिन्याला २१० रुपये भरावे लागतात. तिसाव्या वर्षी ५७७. चाळिसाव्या वर्षी १,४५४. पहिला बेचाळीस वर्षांत मिळून एक लाख सहा हजारांच्या आत भरतो, तिसरा वीस वर्षांत साडेतीन लाखांच्या आसपास. पेन्शन दोघांना सारखीच. सदस्यामागे पती किंवा पत्नीला तीच पेन्शन मिळते, आणि दोघांनंतर नॉमिनीला साठलेली रक्कम. आयकर भरणाऱ्यांना ऑक्टोबर २०२२ पासून या योजनेत नव्याने येता येत नाही. त्यांना राष्ट्रीय पेन्शन योजना किंवा भविष्य निर्वाह निधी, म्हणजे पीपीएफ, आहे. पण पाच हजारांवर विसंबू नये. महागाई वर्षाला सहा टक्के धरली तर तीस वर्षांनंतरच्या पाच हजारांत आजच्या पावणेनऊशे रुपयांइतकाच बाजार येईल. साठीला हातात मोठी रक्कम आली, तर मुलाच्या फ्लॅटला सगळी देऊन टाकण्याआधी पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेची चौकशी करावी. तीस लाखांपर्यंत ठेवता येतात आणि व्याज दर तिमाहीला हाती येते.

दवाखान्याबद्दल थोडक्यात. मोठे दुखणे निघाले की आपण कोल्हापूर नाहीतर मुंबई गाठतो, आणि साठवणीला पहिले भगदाड तिथे पडते. सत्तरी ओलांडलेल्या सर्वांना, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजनेत पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. कार्ड दुखण्याआधी काढून ठेवावे.

गणपतीला चाकरमानी येऊन बंद घरे उघडतात. तेव्हा माळ्यावरची, कपाटातली जुनी पत्र्याची पेटी एकदा उघडून पाहावी. वडिलांची एखादी पॉलिसी, गिरणीतल्या फंडाचा कागद निघू शकतो. विमा कंपन्यांच्या संकेतस्थळांवर नाव आणि जन्मतारीख टाकून कुणी न मागितलेल्या रकमा शोधता येतात. दहा वर्षे पडून राहिलेली रक्कम ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जमा होते. तिथे गेल्यावरही पुढची पंचवीस वर्षे वारस ती मागू शकतात. अर्ज त्याच विमा कंपनीकडे करायचा असतो.