दशावतारी गंजिफा : खेळ, कथा व कालनिर्णय

आमच्या संग्रही सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांचा एक संच आहे. तो गेल्या कोजागिरीस पांढरकवड्यास आमच्या ओसरीवर दोन स्नेह्यांसह प्रथमच खेळलो. विकणाऱ्याने सोबत दिलेल्या चिठ्ठीत अवतारांची नावे होती. नियम मात्र एकही नव्हता. हल्ली हे संच भेटीदाखल देण्याकरिता व काचेत मढविण्याकरिता घेतले जातात, तेव्हा विकणाऱ्यास दोष देण्यात अर्थ नाही. परंतु ह्या खेळाचा इतिहास ठरविण्याचे मुख्य साधन पानांवरील चित्रे नसून नियम होत, असे आमचे मत आहे. आणि नियमच आधी विसरले जात आहेत.

पाने वाटोळी, संख्येने १२०. रंग दहा, व प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा अशी १२ पाने. मत्स्याच्या रंगास मासा, कूर्मास कासव, वराहास शंख, नरसिंहास चक्र, वामनास कमंडलू, परशुरामास परशू, रामास बाण, कृष्णास गाय, बुद्धास कमळ व कल्कीस खड्ग अशी चिन्हे असतात. प्रांतपरत्वे त्यांत फरक पडतो. खेळणारे तीन, प्रत्येकास ४० पाने. हुकमाचा रंग म्हणून ह्या खेळात नाही. ज्या रंगाची उतारी झाली त्यातील थोर पान हात जिंकते. कोणती पाने उतरून गेली हे स्मरणात ठेवणे हेच खरे कौशल्य, व १२० पानांत ते किती कठीण जाते हे साठी उलटलेल्या आम्हा तिघांस त्या रात्री चांगलेच कळले.

दोन नियम ध्यानात ठेवण्याजोगे आहेत. दिवसा खेळ मांडल्यास ज्याच्या हाती रामाचा राजा असेल त्याने आरंभ करावा, रात्री मांडल्यास कृष्णाचा राजा धारण करणाऱ्याने, हा पहिला. राजा व प्रधान यांच्या खाली पाच रंगांत दश्शी सर्वांत थोर व एक्का कनिष्ठ, तर उरलेल्या पाचांत एक्का थोर व दश्शी कनिष्ठ, हा दुसरा.

मित्रमंडळींत अवतारकथा सांगण्याकरिताच ही पाने निर्माण झाली, असे अलीकडे पुष्कळदा लिहिले जाते. आमच्या मते हे सरळ ग्राह्य नव्हे. हात जिंकणाऱ्याने कथा सांगावी अशी अट वरील नियमांत कोठेच येत नाही. मात्र पानांमुळे कथा निघते हे खरे. आम्ही त्या रात्री आपसांत असा ठराव केला की, राजाने हात जिंकणाऱ्याने त्या अवताराची एक कथा सांगावी. कूर्माशी एक स्नेही अडले. मंदराचल पाठीवर घेतल्यापुढे त्यांस काही आठवेना. परशुरामाचा राजा ज्यांच्या हाती होता त्यांनी मात्र रेणुकेची कथा शेजारच्या गावातील घडामोड सांगावी तशी सांगितली. माहूर पैनगंगेपलीकडेच असल्याने ते साहजिकही होते. कल्कीचा राजा टाकणाऱ्याने “आमची कथा अद्याप घडावयाची आहे” म्हणून सुटका करून घेतली. असो.

आता कालनिर्णयाकडे वळू. विष्णुपूरच्या वाटोळ्या पानांवर महामहोपाध्याय हरप्रसाद शास्त्री यांनी १८९५ मध्ये निबंध लिहिला. तेथील क्रमात बुद्धाचे स्थान पाचवे आहे, एवढ्यावरून हा खेळ हजाराहून अधिक वर्षांचा असावा असे त्यांनी अनुमान केले. शास्त्रीबुवांच्या विद्वत्तेविषयी आदर बाळगूनही हे अनुमान आम्हांस पटत नाही. दहाही रंग खेळात समबल आहेत. क्रमाने कोणता रंग पाचवा वा नववा आला तरी हाताचा निकाल बदलत नाही. जे खेळास बाधत नाही ते कोणीही केव्हाही बदलू शकतो. आपल्याकडे नवव्या अवताराच्या जागी विठ्ठल रेखाटण्याची चाल पंचांगांतून व देवळांतून आहेच.

उलट मोगली गंजिफा पाहा. रंग आठ, प्रत्येकी १२ पाने, एकूण ९६. राजा व प्रधान यांच्या जागी मीर व वजीर. तेथेही चार रंगांत दश्शी थोर, चारांत एक्का. तेथेही दिवसा सुर्ख, म्हणजे सोन्याचे नाणे, व रात्री सफेद, म्हणजे रुप्याचे नाणे, आरंभ करते. सुर्ख सूर्यासारखे, सफेद चंद्रासारखे. आणि राम सूर्यवंशी, कृष्ण चंद्रवंशी! ही जुळणी ज्याने केली तो पुराणांत मुरलेला होता, परंतु खेळ त्याच्यापुढे आधीच मांडलेला होता, असे आम्हांस वाटते. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनाकडे गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. आईन-ए-अकबरीत १२ रंगांच्या १४४ पानांचे वर्णन असून रंगांची नावे अश्वपती, गजपती, नरपती अशी आहेत, व अबुल फजल तो खेळ प्राचीन ऋषींचा म्हणतो. संस्कृत शिकविण्यात आमचा जन्म गेला. तरी नाव संस्कृत म्हणून वस्तू संस्कृत, असे म्हणण्यास आम्ही धजत नाही. अर्ध्या रंगांत क्रम उलटा करण्याची रीत स्पेनच्या जुन्या ओंब्रे नामक पत्त्यांच्या खेळातही आहे: तलवारी व सोटे यांत एक क्रम, प्याले व नाणी यांत उलटा. तेव्हा ही रीत एका देशाची नव्हे.

याने दशावतारी पानांचे मोल कमी होत नाही. सावंतवाडीस ही कला लयास जात असता शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनी चितारी कारागिरांस राजवाड्यात आश्रय देऊन १९७१ च्या सुमारास तिला पुन्हा उभे केले. आम्हां पांढरकवडेकरांस सावंतवाडी दूर. परंतु आमच्या गावावरून आदिलाबादेकडे जाणारा हमरस्ता पुढे ज्या निर्मळास पोहोचतो, तेथील नक्काशही गंजिफा रंगवीत. ह्या रस्त्यालगतच्या जुन्या घरांत वाटोळी पाने निघाल्यास ती पुसून काचेत ठेवण्यापूर्वी घरातील वृद्धांस एवढे विचारावे : दश्शी थोर असणारे पाच रंग कोणते, व रात्री आरंभ कोण करी? उत्तर पानांच्या वर्णनासह मंडळाकडे पाठवावे.