पानांत वाफवलेलें अन्न : पातोळ्या व तामाले

श्रावण लागला म्हणजे कोंकणपट्टींत हळदीच्या पानांस मागणी येते. याचें कारण नागपंचमीच्या पातोळ्या होत. हा पदार्थ बहुतेक वाचकांच्या परिचयाचा आहे. परंतु तो पिढ्यान् पिढ्या कां टिकला व त्याचा शेतीशीं काय संबंध आहे, याचा विचार क्वचितच होतो. म्हणून त्याविषयीं चार शब्द लिहीत आहों.

पहिलें कारण रूढींत आहे. नागपंचमीस पुष्कळ घरीं नांगर धरीत नाहींत, जमीन खणीत नाहींत व चुलीवर तवा ठेवीत नाहींत. तेव्हां त्या दिवसाचें अन्न वाफेवर शिजविणें ओघानेंच आलें.

दुसरें कारण पदार्थाच्या घडणींत आहे. तांदळाच्या पिठास गव्हासारखा चिवटपणा नसतो. तें पीठ सरबरीत कालवून पानावर पातळ सारविलें, त्यावर ओलें खोबरें व गूळ यांचें पुरण पसरून पान दुमडलें, आणि मोदकपात्रांत सुमारें १५ मिनिटें उकडलें, तर तें पानाच्याच आकारांत बसतें. पानांतील सुगंधी तेल वाफेनें सुटून पिठांत उतरतें. अशा रीतीनें पान हें सांचा, झांकण व मसाला अशीं तीनही कामें करितें.

गोव्यांत ख्रिस्ती कुटुंबें १५ ऑगस्ट रोजीं मरियेच्या स्वर्गारोहणाच्या सणास याच पातोळ्या करितात. धर्म पालटला तरी भात, नारळ व हळद हीं पिकें पालटलीं नाहींत. म्हणून पक्वान्नही राहिलें.

दूर मेक्सिको देशांत असाच एक पदार्थ आहे, त्यास तामाले म्हणतात. मका चुन्याच्या पाण्यांत उकळून, भिजवून, साल काढून वाटतात. त्यांत चरबी मळून व सारण भरून, कणसाच्या सालपटांत किंवा केळीच्या पानांत गुंडाळून वाफवितात. ६ जानेवारीच्या गोड पावांत ज्यास लहानशी बाहुली सांपडेल, त्यानें २ फेब्रुवारीच्या सणास इतरांस तामाले खाऊं घालावे, असा तेथें रिवाज आहे.

यांतील चुन्याची क्रिया महत्त्वाची आहे. तिच्या योगानें मक्यांतील नायसिन हें जीवनसत्त्व शरीरास मिळतें. युरोपानें मका नेला, ही रीत नेली नाहीं. तेव्हां इटलीसारख्या देशांत केवळ मक्यावर जगणाऱ्या गरीब लोकांत पेलाग्रा नांवाचा रोग पसरला. पीक व त्याची पाकक्रिया यांची ताटातूट केली म्हणजे नुकसान होतें, हा यांतील बोध.

आमच्या टेमघरच्या आसपास व एकंदर भिवंडी तालुक्यांत भाताचीं पुष्कळ खाचरें भरावाखालीं जाऊन तेथें गुदामें उभीं राहिलीं आहेत. आमचें आयुष्य महसूल खात्याच्या कागदपत्रांत गेलें. सात-बाराच्या उताऱ्यावर भात लिहिलें जातें. परंतु परसांतील हळदीचा लहानसा वाफा आम्हीं कधीं कोणत्या रकान्यांत पाहिला नाहीं. जमीन गेली म्हणजे भाताचें मोल पदरांत पडतें. त्या वाफ्याचा हिशेब कोणी करीत नाहीं. पुढें पानें विकत आणावीं लागतात, आणि तीं महाग पडलीं कीं पातोळ्याच राहून जातात.

उपाय अल्प खर्चाचा आहे. पाणी सांचणार नाहीं अशा उंच जागीं, शेणखत घालून, अक्षय्य तृतीयेपासून मृगापर्यंत डोळे असलेलीं बेणीं लावावीं. नारळीची विरळ सावली चालते. श्रावणांत प्रत्येक झाडाचीं बाहेरचीं एकदोनच पानें काढावीं. सर्व ओरबाडल्यास गड्डा पोसत नाहीं. आठनऊ महिन्यांनीं पाला पिवळा पडला कीं हळद काढून पुढील बेणें राखावें. अधिक पानें निघाल्यास मुंबईच्या बाजारांत श्रावण-भाद्रपदांत त्यांस गिऱ्हाईक असतें.

जमीन राखावी कीं विकावी, हा ज्याच्या त्याच्या प्रपंचाचा प्रश्न आहे. त्यांत आम्ही शिरत नाहीं. मात्र घराभोंवतीं जी जागा उरेल तींत एक वाफा हळदीस ठेवावा, व पानावर पीठ सारविण्याची रीत मुलांमुलींस घरींच दाखवावी, इतकीच कास्तकार बंधूंस आमची विनंती आहे.